अर्धी जंक्शनं: मोटरवे समोर दिसतो, पण हव्या त्या दिशेला वाट नाही

चिंचबन

केंब्रिजच्या पश्चिमेला कॅम्बोर्न म्हणून गाव आहे, आम्ही तिथे राहतो. गावाला लागून ए४२८ हा ड्युअल कॅरेजवे जातो. पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर, गर्टनला, तो ए१४ ला मिळतो. लंडनहून येणारा एम११ मोटरवेही तिथेच संपतो. नकाशात पाहिलं की तीन मोठे रस्ते एका ठिकाणी गुंफलेले दिसतात आणि वाटतं, इथून कुठूनही कुठेही जाता येत असणार. स्टॅनस्टेड विमानतळ, लंडनभोवती फिरणारा एम२५, लंडन हे सगळं एम११ वर दक्षिणेला. आणि नेमकं तेच वळण तिथे नाही. ए४२८ वरून पूर्वेकडे येणाऱ्याला एम११ वर दक्षिणेकडे वळता येत नाही. एम११ वरून उत्तरेकडे येणाऱ्याला ए४२८ वर पश्चिमेकडे वळता येत नाही.

मग मॅडिंग्ली मल्चच्या राउंडअबाउटला ए४२८ सोडायचा, ए१३०३ धरून मॅडिंग्लीची टेकडी उतरायची, अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमीवरून पुढे जायचं आणि एम११ चं जंक्शन १३ गाठायचं. तेही जंक्शन अर्धंच आहे. तिथून फक्त दक्षिणेकडे जायला चढता येतं आणि फक्त दक्षिणेकडून आलेल्याला उतरता येतं. आमच्या सोयीची दिशा तेवढी आहे, हे खरं. पण टेकडीचा तो रस्ता मोठा नाही. सकाळी केंब्रिजला कामाला जाणारे, बस, सायकली सगळे त्याच्यावर. विमानतळाला निघालेल्या गाडीला किंवा लंडनला माल नेणाऱ्या ट्रकला शहरात जायचंच नसतं, तरी त्यांना त्याच रांगेत उभं राहावं लागतं.

मला जास्त लागतं ते पुढचं. २०२० मध्ये ए१४ चं केंब्रिज ते हंटिंग्डन काम पुरं झालं, दीड अब्ज पौंडांचं. त्यात गर्टनचं जंक्शनही बरंच बदललं. मग ए४२८ ची पाळी आली: ए१ वरच्या ब्लॅक कॅट राउंडअबाउटपासून कॅक्स्टन गिबेटपर्यंत सुमारे १६ किलोमीटरचा नवा ड्युअल कॅरेजवे, खर्च अब्ज पौंडांच्या घरात, काम सुरू झालं २०२३ च्या डिसेंबरात. म्हणजे पश्चिमेकडून जास्त गाड्या, जास्त वेगाने गर्टनकडे आणायची सोय केली, आणि त्यांना दक्षिणेकडे जायचं असेल तर पुन्हा मॅडिंग्लीची टेकडीच. दोन्ही कामांत त्या वळणाचा स्लिप रोड, म्हणजे मोठ्या रस्त्यावर चढण्या-उतरण्याची जोडवाट, नाही.

अशी जंक्शनं इंग्लंडभर आहेत. ती का बांधली जातात, तुमच्या भागात कुठे आहेत आणि कोणाला त्याचा त्रास होतो, हे या धाग्यावर लिहाल का? माझं मत आधीच सांगते. जंक्शन अर्धं ठेवलं म्हणून रहदारी नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी गावातून जाते. आणि त्या गावाला कोणी विचारलेलं नसतं.

नकाशावेडा

फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी लंडनच्या वायव्येला राहतो, इकडे तर अशा जंक्शनांची रांगच आहे.

एम२५ चं जंक्शन १९, वॉटफर्ड. हीथ्रोकडून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आलात तर उतरता येतं, आणि वॉटफर्डहून हीथ्रोकडे जायला चढता येतं. बस. सेंट ऑल्बन्सकडून येत असाल तर जंक्शन २० ला उतरा. याचं कारण इतिहासात आहे. १९७६ मध्ये मेपल क्रॉसकडून आलेला तुकडा इथेच संपत होता. मोटरवे संपला की सगळ्यांनी उतरायचं, त्यामुळे एकाच बाजूचे स्लिप रोड पुरत होते. एम२५ चं वर्तुळ पुरं झालं ते १९८६ च्या ऑक्टोबरात. तोवर जंक्शन २० ने उरलेलं काम उचललं होतं.

एम१ चं जंक्शन ४, एजवेअर. इथून उत्तरेकडे जायला चढता येतं आणि उत्तरेकडून आलेल्याला उतरता येतं. लंडनमधून उत्तरेकडे निघालात तर हे जंक्शन तुमच्यासाठी नाहीच. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम आटपून स्टेपल्स कॉर्नरला एम१ वर चढणाऱ्या पाहुण्यांना मी हे दर वेळी सांगतो.

एक ढोबळ नियम नव्याने आलेल्यांसाठी. ब्रिटनमधली अर्धी जंक्शनं बहुतेक जोडीने विचार करून बांधलेली असतात: ज्या बाजूकडून आलात त्या बाजूला परत जाता येतं, पुढे जाता येत नाही. म्हणून पेट्रोल भरायला किंवा जेवायला मध्येच उतरायचं असेल तर आधी नकाशा पाहा. उतरण्याच्या पाटीवर ‘इथून पुन्हा पुढे चढता येणार नाही’ असं लिहिलेलं नसतं. छापील रोड ॲटलासमध्ये अशी जंक्शनं वेगळ्या रंगात दाखवतात आणि त्यांचा एक तक्ताही असतो, कुठल्या दिशेने काय मिळतं याचा. मोबाइल आल्यापासून तो तक्ता कोणी उघडत नाही, पण रस्त्यांचं जाळं कसं वाढत गेलं हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कळत नाही.

सह्यकडा

टेलफर्डहून. आमचं दुखणं तुमच्याहून जुनं आहे.

एम५४ हा टेलफर्डला एम६ शी जोडणारा मोटरवे, १९८३ च्या नोव्हेंबरात सगळा खुला झाला. एम६ ला तो जंक्शन १०ए वर मिळतो. तिथे टेलफर्डहून आलेला माणूस दक्षिणेकडे, म्हणजे बर्मिंगहॅमकडे जाऊ शकतो, आणि बर्मिंगहॅमकडून आलेला एम५४ वर येऊ शकतो. उत्तरेकडे काहीच नाही. स्टोक, मँचेस्टर, लिव्हरपूल, स्कॉटलंड यांपैकी कुठेही जायचं असलं तरी मोटरवेवरून मोटरवेवर जाता येत नाही. एम५४ च्या जंक्शन १ ला उतरायचं, ए४६० ने एम६ चं जंक्शन ११ गाठायचं. किंवा जंक्शन २ ला उतरून ए४४९ आणि ए५ ने जंक्शन १२.

ए४६० हा गावातला रस्ता आहे. फेदरस्टोन, हिल्टन या वस्त्यांमधून तो जातो. घरांची फाटकं त्याच्यावर उघडतात. २००३ च्या डिसेंबरात एम६ टोल सुरू झाला, त्यालाही गाठायला हाच रस्ता. टेलफर्ड हे औद्योगिक गाव, गोदामं भरपूर, त्यामुळे दिवसरात्र अवजड ट्रक. माझी एक सहकारी तिथे राहते. ती सांगते की पुढच्या खोलीत फोनवर बोलायचं तर खिडकी उन्हाळ्यातही बंद ठेवावी लागते.

उपाय सगळ्यांना माहीत आहे. एम५४ च्या जंक्शन १ पासून एम६ च्या जंक्शन ११ पर्यंत जेमतेम अडीच किलोमीटरचा जोडरस्ता. त्याला कायदेशीर मंजुरी मिळाली २०२२ च्या एप्रिलमध्ये. पैसे देण्याची घोषणा झाली २०२५ च्या जुलैमध्ये. १९८३ ते २०२५! ज्या गावाचं नाव थॉमस टेलफर्ड या रस्ते आणि पूल बांधणाऱ्या अभियंत्यावरून ठेवलं, इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सचा जो पहिला अध्यक्ष होता, त्या गावाला उत्तरेचा स्लिप रोड मिळायला चाळीस वर्षं लागावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडीवान

सह्यकडा, अगदी. मी वुल्व्हरहॅम्प्टनजवळ एका गोदामात गाड्यांच्या फेऱ्या लावण्याचं काम करतो. आमचे चालक ए४६० वरून जातात, दुसरी वाट नाही म्हणून जातात. गावातले लोक त्यांच्यावर चिडतात आणि चालकांना वाटतं आमचा काय दोष. दोघंही बरोबर आहेत.

उतारवाट

मी पुण्यात असतो, आता निवृत्त. नोकरीतली काही वर्षं इंग्लंडमध्ये महामार्गांच्या आराखड्यांवर काम केलं. चिंचबन यांनी ‘का’ असं विचारलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नुसता हिशोब करू. दोन मोटरवे एकमेकांना छेदतात, म्हणजे चार बाजू. प्रत्येक बाजूने येणाऱ्याला सरळ जाणं सोडून दोन वळणं, एकूण आठ. ही आठही वळणं सिग्नल किंवा राउंडअबाउट न लावता, वेग न मोडता द्यायची तर एकावर एक चढणारे पूल लागतात. ब्रिस्टलजवळ आल्मंड्सबरीला एम४ आणि एम५ जिथे भेटतात तिथे १९६६ मध्ये असं चार मजली जंक्शन झालं. ब्रिटनमध्ये मोटरवेंची अशी पूर्ण चार मजली जंक्शनं तीनच आहेत: ते एक, मर्स्टमला एम२३ आणि एम२५ चं, आणि हीथ्रोजवळ एम४ आणि एम२५ चं. यावरून खर्च आणि जागा किती लागते ते समजा. गर्टनला तर पाच बाजू आहेत: एम११, ए१४ च्या दोन, ए४२८ आणि ए१३०७. पाच बाजूंना प्रत्येकी चार पर्याय, एकूण २० हालचाली. त्या सगळ्या देणारं जंक्शन जगात क्वचितच कोणी बांधेल. कुठली तरी वगळावी लागतातच. वाद असतो तो कुठली वगळायची यावर.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. दोन जंक्शनं जवळजवळ असली की पहिल्यावरून चढणारा उजवीकडच्या लेनमध्ये सरकू पाहतो आणि दुसऱ्यावर उतरणारा डावीकडे येऊ पाहतो. ताशी ११० किलोमीटर वेगाने एकमेकांना छेद देत हे होतं. त्यासाठी पुरेसं अंतर लागतं. ब्रिटिश मानकांत ग्रामीण मोटरवेसाठी किमान २ किलोमीटर धरतात. अंतर कमी पडलं तर एका जंक्शनाचे त्या बाजूचे स्लिप रोड काढून टाकणं हा सोपा मार्ग. एम११ च्या जंक्शन १३ ला उत्तरेकडचे स्लिप रोड नाहीत, त्यामागे गर्टनची जवळीक आहे असं मला वाटतं. काही ठिकाणी हेच शहाणपणाने केलेलं दिसतं. एम४० वर वॉरिक आणि लेमिंग्टनला जंक्शन १३ आणि १४ ही दोन अर्धी मिळून एक पूर्ण जंक्शन होतं. एकावर लंडनकडची ये-जा, दुसऱ्यावर बर्मिंगहॅमकडची. मधला स्थानिक रस्ता दोघांना जोडतो. तिथे तक्रार करण्यासारखं काही नाही.

तिसरं कारण, लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या रस्त्यावर गावातल्या गावात जाणाऱ्यांनी एका जंक्शनाला चढून पुढच्याला उतरू नये, हा हेतू. शहरांजवळ हे मुद्दाम करतात.

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्लिप रोड मंजूर होतो तो त्या वळणावर किती गाड्या येतील या अंदाजावर. अंदाज केला जातो त्या काळच्या वस्तीवरून. एम११ चा केंब्रिजजवळचा भाग १९८० च्या सुमारास पुरा झाला. चिंचबन ज्या कॅम्बोर्नमध्ये राहतात तिथे तेव्हा शेतं होती. गाव बांधायला सुरुवात झाली १९९८ मध्ये. पश्चिमेकडून दक्षिणेकडे जाणारा माणूसच नव्हता, तर त्याच्यासाठी पूल कोण बांधणार? तेव्हाचा निर्णय मी चूक म्हणणार नाही. पण काँक्रीट ओतलं की तो निर्णय गोठतो. वस्ती वाढत राहते, जंक्शन मात्र जुन्या जनगणनेवर चालतं.

याचं उलट उदाहरण एम४५. १९५९ च्या २ नोव्हेंबरला एम१ चा पहिला मोठा टप्पा खुला झाला, त्याच दिवशी एम४५ ही. लंडनहून बर्मिंगहॅमला जाणाऱ्यांना एम१ वरून बाजूला काढण्यासाठी तो बांधला, म्हणून एम१ च्या जंक्शन १७ ला फक्त लंडनकडची ये-जा. लेस्टरकडून तिथे कोण येणार, असा विचार, आणि तो त्या वेळी योग्य होता. पुढे एम६ येऊन एम१ च्या जंक्शन १९ ला मिळाला आणि बर्मिंगहॅमची सगळी रहदारी तिकडे गेली. आज एम४५ देशातल्या सर्वांत शांत मोटरवेंपैकी एक आहे. अंदाज दोन्हीकडून चुकतात.

कोरांटी

काका, प्रतिसाद जपून ठेवला. एक विचारू का? आपल्या समृद्धी महामार्गावर असं अर्धं इंटरचेंज का दिसत नाही?

उतारवाट

कोरांटी, चांगला प्रश्न. कारण टोल. समृद्धीवर तुम्ही जिथे चढता आणि जिथे उतरता त्यातल्या अंतराचा टोल घेतात. म्हणजे प्रत्येक चढण्या-उतरण्याच्या जागी नाका हवा. चार स्लिप रोडना चार नाके बांधण्यापेक्षा चारही एकत्र आणून एकाच मानेतून बाहेर काढतात आणि तिथे एक नाका. त्या आकाराला ट्रम्पेट म्हणतात. एकदा मान बांधली की चारही दिशा जवळपास फुकटात मिळतात, एखादी वगळून फार वाचत नाही. नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटरमध्ये म्हणूनच हा आकार पुन्हा पुन्हा दिसतो. ब्रिटनमध्ये मोटरवेला बहुतेक ठिकाणी टोल नाही, त्यामुळे प्रत्येक स्लिप रोड सुटा असतो आणि प्रत्येकाला स्वतःचं समर्थन द्यावं लागतं. ज्याला ते देता आलं नाही तो गळतो.

जुईली

मी मेरीलँडला. टोलचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण आमच्याकडे टोलमुळेच उलटं झालंय.

पेन्सिल्व्हेनियात ब्रीझवुड नावाचं ठिकाण आहे. वॉशिंग्टन किंवा बाल्टिमोरकडून इंटरस्टेट ७० ने पिट्सबर्गकडे जाताना हा महामार्ग तिथे चक्क गावातल्या रस्त्यावर उतरतो. यूएस ३० वर, सिग्नल, पेट्रोल पंप, मोटेल, खाण्याची दुकानं यांच्या मधून मैलाहून कमी अंतर जायचं, मग पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइकवर चढायचं. दोन्ही महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, पण थेट जोड नाही. १९५६ च्या संघराज्य महामार्ग कायद्यात केंद्राचा पैसा टोल रस्त्याशी जोडण्यासाठी वापरण्यावर बंधनं होती. टर्नपाइक टोलचा, आणि तो टोल सोडायला तयार नव्हता. म्हणून इंटरस्टेटच गावातून नेला. पुढे कायदा सैल झाला तरी जोड झाला नाही, कारण तोवर अख्खं ब्रीझवुड त्या वाटसरूंवर जगू लागलं होतं.

पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात इकडची कितीतरी मराठी कुटुंबं जातात, सगळ्यांना हे सिग्नल पाठ आहेत. लाँग वीकेंडला तिथे फार वेळ जातो.

आणखी एक. इंटरस्टेट ९५ हा पूर्व किनाऱ्याचा मुख्य महामार्ग, पण फिलाडेल्फियाच्या उत्तरेला तो आणि टर्नपाइक एकमेकांना छेदून जायचे, जोड शून्य. २०१८ च्या सप्टेंबरात तिथे पूल झाले, तेव्हा कुठे ९५ सलग झाला. तेही फक्त ९५ च्या सलगतेसाठी लागणाऱ्या दोन दिशांचे. बाकीच्या पुढच्या टप्प्यावर ठेवल्या. म्हणजे नवं जंक्शनही अर्धंच.

दगडफूल

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

स्लिप रोड नसणं हे नेहमी वाईट असतं का? मोठा रस्ता सोपा केला की त्यावर गाड्या वाढतात, हे जगभर दिसलेलं आहे. गर्टनला दक्षिणेची वाट केली तर कॅम्बोर्नहून लंडनला रोज गाडीने जाणं सोपं होईल, मग आणखी घरं त्याच हिशोबाने बांधतील. तुमच्या टेकडीवरची रांग दोन-चार वर्षं कमी होईल आणि मग पुन्हा भरेल. त्यापेक्षा ईस्ट वेस्ट रेल्वेचं स्थानक कॅम्बोर्नला ठरलंय, केंब्रिजपर्यंत बससाठी वेगळा मार्गही आखलेला आहे. पैसा तिकडे जाऊ दे. एका पुलाच्या पैशात किती बस येतील?

चिंचबन

दगडफूल, राग कसला. रेल्वे आणि बस दोन्ही हवेत, मी स्वतः बसनेच कामाला जाते. पण मॅडिंग्लीच्या टेकडीवर जो ट्रक रांगेत आहे तो बसमध्ये बसणार नाही. आणि गाड्या वाढतील ही भीती खरी असेल तर ब्लॅक कॅटचा अब्ज पौंडांचा रस्ता करतानाच ती विचारात घ्यायला हवी होती. पश्चिमेकडून येणारी वाट रुंद करायची आणि शेवटचं वळण नाकारायचं, यात रहदारी कमी होत नाही, फक्त टेकडीवर साचते. त्या रस्त्यावर बसही अडकते. सायकलवरच्या मुलांच्या बाजूने मोठे ट्रक जातात. माझा मुद्दा रुंद रस्त्यांचा नाहीच. लांबची रहदारी लांबच्या रस्त्यावर राहावी, एवढाच आहे.

उतारवाट

दगडफूल यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. मी कामावर असताना प्रत्येक न दिलेल्या वळणासाठी एक प्रश्न विचारायचो: हे वळण घेऊ पाहणारी गाडी आत्ता कुठून जाते?

एम६ वरून आग्नेयेला येऊन एम१ ने उत्तरेला, लेस्टरकडे वळायचं असेल तर जंक्शन १९ ला, कॅथॉर्पला, ती सोय नाही. तिथे २०१६ मध्ये मोठं काम पुरं झालं तरी दिली नाही. पण कोणाचं काही बिघडत नाही, कारण त्याआधीच कॉव्हेंट्रीजवळ एम६ वरून एम६९ फुटतो आणि थेट लेस्टरजवळ एम१ ला मिळतो. त्रिकोणाची तिसरी बाजू मोटरवेच आहे. हे वळण वगळणं शंभर टक्के योग्य.

एम५४ ला मात्र उत्तर येतं: फेदरस्टोनमधून. गर्टनला येतं: मॅडिंग्लीच्या टेकडीवरून. तिथे वगळणं म्हणजे महामार्गाचा खर्च गावाच्या खात्यावर टाकणं. मोटरवेच्या हिशोबात तो दिसतच नाही, कारण रस्ता वेगळ्या खात्याचा. मोटरवे आणि मोठे ए रस्ते राष्ट्रीय संस्थेकडे, ए१३०३ सारखे रस्ते जिल्ह्याकडे. एकाने वाचवलेले पैसे दुसऱ्याच्या डांबरावर आणि तिसऱ्याच्या कानावर पडतात.

बकुळफुलं

‘तिसऱ्याच्या कानावर’... आमच्या गावाबद्दलच लिहिलंत असं वाटलं, काका. केंटमध्ये, ए२५ वर राहतो.

एम२५ च्या जंक्शन ५ ला, सेव्हनओक्सजवळ, ए२१ आणि एम२६ दोन्ही येऊन मिळतात, पण ए२१ वरून एम२६ वर पूर्वेकडे जाता येत नाही आणि एम२६ वरून ए२१ वर येता येत नाही. मग सेव्हनओक्सहून मेडस्टोन किंवा डोव्हरकडे जायचं तर ए२५ ने सील, आयटम, बरो ग्रीन अशी गावं पार करत. जुने अरुंद रस्ते, भिंतीला लागून फूटपाथ. पूर्वेकडच्या स्लिप रोडची मागणी इथे कित्येक वर्षं चालू आहे.

याच जंक्शनाची आणखी एक गोष्ट. गॅटविककडून एम२५ ने येत असाल तर सरळ जाणारा रस्ता एम२६ होतो. एम२५ वर राहायचं तर डावीकडे स्लिप रोडने बाहेर पडावं लागतं. कारण आधी हे दोन तुकडे सलग एक रस्ता म्हणून बांधले गेले आणि डार्टफर्डकडे वळणारा एम२५ नंतर आला. नवखे लोक सरळ जातात. मग पुढे रूटमपर्यंत उतरायला जागाच नाही, आणि एम२६ सगळा मिळून साधारण १६ किलोमीटरचा. गॅटविकहून पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: जंक्शन ६ गेलं की पाट्या बघत डावीकडे राहा.

भीमाकाठ

चेल्टनहॅम. आमचं एम५ चं जंक्शन १० उकिंग्टनला आहे, फक्त उत्तरेकडची ये-जा. ब्रिस्टल किंवा ग्लॉस्टरकडून आलात तर जंक्शन ११ ला उतरून शहराला वळसा. पण आता ते पूर्ण होण्याच्या वाटेवर आहे. २०२० मध्ये गृहबांधणीच्या निधीतून २१२ दशलक्ष पौंड मिळाले आणि २०२५ च्या जूनमध्ये कायदेशीर मंजुरी. लक्षात घ्या, निधी रस्त्यांच्या खात्यातून आला नाही, घरांच्या खात्यातून आला. जीसीएचक्यू या सरकारी गुप्तवार्ता संस्थेच्या बाजूला गोल्डन व्हॅली म्हणून मोठा प्रकल्प होतोय, हजारो घरं आणि सायबर सुरक्षेच्या कंपन्या. त्यांना दक्षिणेची वाट लागणार, म्हणून जंक्शन पुरं करायचं.

चिंचबन ताई, तुमच्याकडेही घरांचीच बाजू धरा असं मी सुचवेन. ‘आमच्या रांगा कमी करा’ म्हटलं की ते फायली बघतात. ‘तुम्ही इथे आणखी हजारो घरं ठरवली आहेत, त्यांची वाट दाखवा’ म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं.

सह्यकडा

भीमाकाठ, हे आमच्याकडे लागू पडतं. टेलफर्डचा युक्तिवादही शेवटी उद्योग आणि रोजगार यावरच पुढे सरकला, गावकऱ्यांच्या झोपेवर नाही. बरं वाटत नाही हे, पण असं आहे.

गाडीवान

रात्रीच्या कामांबद्दल राहिलंच. मोटरवेचा एखादा तुकडा रात्री बंद करतात तेव्हा गाड्या आधीच्या जंक्शनाला उतरवतात आणि पुढच्याला चढवतात. यातलं एक अर्धं असलं तर वळसा फार लांबतो. वळशाच्या पाट्यांवर पिवळ्या चौकोनात काळं चिन्ह असतं: चौकोन, त्रिकोण, वर्तुळ किंवा हिरा. कुठलं चिन्ह पाहिलं ते लक्षात ठेवा आणि तेच शोधत जा, मोबाइल काहीही सांगो. मोबाइलला बंद रस्ता माहीत नसला तर तो तुम्हाला पुन्हा त्याच बंद स्लिप रोडवर आणून उभं करतो. आमच्या नव्या चालकांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

नकाशावेडा

गाडीवान, ही माहिती प्रत्येक मराठी कुटुंबाच्या गटात जायला हवी. रात्री विमानतळावर जाणारे सगळ्यात जास्त यात सापडतात.

उतारवाट

चिंचबन, एक ठोस गोष्ट करता येईल. जंक्शन १३ च्या दक्षिणेकडे चढणाऱ्या स्लिप रोडवर रोज गाड्या येतात, पण त्यातल्या किती ए४२८ वरून आल्या आणि किती केंब्रिज शहरातून, हे साध्या मोजणीत कळत नाही. गर्टनच्या न दिलेल्या वळणाला खरी मागणी किती, याचं उत्तर त्याच आकड्यात आहे. ब्लॅक कॅटच्या रस्त्याचा आराखडा करताना रहदारीचं गणिती प्रारूप केलेलं असणारच, त्यात सुरुवात आणि शेवट धरून प्रवास मोजलेले असतात. ते मागवा. प्रारूपात नवा रस्ता सुरू झाल्यावर ए१३०३ वर काय होईल याचाही अंदाज असतो. तो वाढलेला निघाला तर भीमाकाठ म्हणतात तसं घरांच्या आराखड्याला जोडून विचारा. कमी निघाला तर मात्र तुमची मागणी दुबळी होईल, त्याचीही तयारी ठेवा.

दगडफूल

हे पटलं. आकडा माझ्या बाजूचा आला तर मला इथे लिहायचा हक्क आहे ना?

चिंचबन

नक्की आहे, दगडफूल. कुठल्याही बाजूचा आला तरी इथे लिहूच.

काका, आज बसून अर्ज लिहिते. इथल्या २००० सालच्या माहिती अधिकार कायद्याखाली २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन गोष्टी मागते: जंक्शन १३ वरून दक्षिणेकडे चढणाऱ्यांपैकी ए४२८ वरून आलेल्यांचा वाटा, आणि नवा रस्ता धरून ए१३०३ चा पुढचा अंदाज. अर्जाचा मसुदा संध्याकाळपर्यंत खाली टाकते, काका आणि भीमाकाठ, तुम्ही दोघांनी पाठवण्याआधी एकदा नजर टाकलीत तर फार बरं होईल. बकुळफुलं, तुमच्या जंक्शन ५ साठीही तोच मसुदा चालेल, फक्त रस्त्यांची नावं बदलायची.